एका पाहुणीची पंगत

वज्रेश्वरीजवळ अकलोलीला राहायला आले तेव्हा सुरुवातीला मला झोपच लागत नव्हती. भिवंडीत आमच्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागूनच लूमचा कारखाना होता. त्या खडखडीत मी अभ्यास केला, आजारी पडले, बरी झाले. शुक्रवारी लूम बंद असायचे तेव्हा आई म्हणायची, आज घर कसं ओकंबोकं वाटतंय. इथे रोजच शुक्रवार होता.

मुंबईतल्या हॉटेलांच्या किचनमध्ये माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. आईचं दुखणं वाढलं म्हणून नोकरी सोडून भिवंडीला परत आले. आई गेली, भाऊ बायकापोरांना घेऊन कल्याणला राहायला गेला आणि आमची खोली घरमालकाला परत द्यावी लागली. पुन्हा मुंबईत शिफ्टवर उभं राहण्याची ताकद माझ्यात उरली नव्हती. तेवढ्यात जुन्या ओळखीतून ही नोकरी आली. मुंबईच्या एका जोडप्यानं गरम पाण्याच्या कुंडांपासून जरा आत, नदीच्या बाजूला जमीन घेऊन तिथे जेवणाची जागा काढली होती. आधी सांगून येणाऱ्यांसाठीच, तेही फक्त शनिवार-रविवार. मांस-मासे नाहीत, अंडं नाही, दूध-दही-तूपसुद्धा नाही. आजूबाजूच्या रानात आणि शेतात त्या त्या दिवसांत जे येतं त्याचेच सात पदार्थ, एकामागून एक, मोठ्या काळ्या ताटलीत मधोमध थोडंसं. किचनच्या मागची खोली मला राहायला मिळाली. मी लगेच हो म्हणाले, कारण खोली हवी होती.

मालक-मालकीण शनिवारी सकाळी यायचे आणि रविवारी संध्याकाळी जायचे. मधल्या दिवसांत मी, गेटवरचा वॉचमन आणि किचनमधला भला मोठा फ्रीज. वॉचमन लांबच्या मुलखातला होता. त्याचा बहुतेक वेळ घरी फोन करण्यात जायचा, आणि मी जवळून गेले की तो आवाज खाली आणायचा.

शेजारच्या वहिनींची ओळख टाकळ्याच्या रानभाजीमुळे झाली. मी बांधावर वाकून कोवळा टाकळा खुडत होते. त्या शेळ्या घेऊन चालल्या होत्या. माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या, अंगानं काटक.

"काय शोधतेस गो बाय?"

"टाकळा. शनिवारी पाहुणे यायचेत."

"पाहुण्यांना टाकळा?" त्या थांबल्या. "गाडी घेऊन येतात ते?"

"तेच."

त्या इतक्या हसल्या की शेळ्या पुढे निघून गेल्या. मग स्वतःच खाली बसून माझ्याबरोबर खुडायला लागल्या.

त्यानंतर दोन पावसाळे आम्ही बरोबर रान हिंडलो. वहिनींना रानभाजीचं प्रेम होतं असं मुळीच नाही. "माझ्या सासूनं हा पाला एवढा खायाला घातला का आता नको वाटतो. मला बोंबील दे, जवला दे," असं त्या तोडता तोडता म्हणायच्या. त्या यायच्या त्या घरातून बाहेर पडायला मिळतं म्हणून, आणि बोलायला मिळतं म्हणून. सून भात कसा चिकट करते, मुलाची नोकरी कशी टिकत नाही, गुडघा कुठे दुखतो, सगळं चालता चालता. मी फार बोलत नसे. पण कुलूची भाजी फुलावर यायच्या आत कुठल्या उताराला मिळते, करटोलीचा कुठला वेल फळ धरतो आणि कुठला नुसताच फुलतो, हे आमचं दोघींचं मिळून ठरलेलं होतं. कधी त्या चुकायच्या, कधी मी. चुकलो की दोघी हसायचो.

मालकीणबाईंचा एक आग्रह होता. प्रत्येक ताटली मी स्वतः बाहेर नेऊन ठेवायची आणि त्या भाजीची गोष्ट सांगायची. मला हॉटेलात पडद्याआड राहायची सवय. पहिल्यांदा जीभ अडखळली. मग जमायला लागलं. "ही भारंगी. आम्ही डोंगराच्या मागच्या अंगाला तोडतो. कडू असते, म्हणून आम्ही पानं आधी उकडून पिळून घेतो." लोक ऐकायचे, फोटो काढायचे, कोणी पानाचा वासही घ्यायचं. मग गाड्या निघून जायच्या, आणि मी उरलेला भात पातेल्यातूनच खाऊन पातेलं भिजत घालायचे.

तिसऱ्या वर्षी पाऊस सुरू व्हायच्या आधीच वहिनी गोडाऊनला लागल्या. भिवंडीकडच्या रस्त्यावर मोठमोठी गोडाऊन झाली आहेत, त्यातल्या एकात खोक्यांवर चिकटपट्टी आणि स्टिकर लावायचं काम. सकाळी अंबाडी नाक्यावर कंपनीची बस यायची. सून आणि त्या, दोघी जायच्या. त्या मुद्दाम मला कार्ड दाखवायला आल्या. गळ्यात पट्टी, पट्टीला फोटो.

"साडी चालत न्हाय तिथं. ड्रेस घालाया लागतो, वर ते जाकीट. मी ड्रेसात कशी दिसते गो?"

"छान दिसता."

"सुट्टीच्या दिवशी येते ना मी रानात. तू नको एकटी जाऊ."

मला त्यांच्यासाठी बरं वाटलं, आणि तसं मी म्हणालेही. पण त्या घरी गेल्यावर मी बराच वेळ नुसती ओट्याशी उभी राहिले. त्या सुट्टीच्या दिवशी आल्या नाहीत. सुट्टीला धुणं असायचं, दळण असायचं, आणि उरलेला वेळ झोप. एकदा मी त्यांच्या दारावरून गेले तर त्या ओसरीवर भर दुपारी गाढ झोपल्या होत्या. उठवलं नाही.

मग मी एकटीच जायला लागले. रान तेच, वाटा त्याच. पण बरोबर कोणी नसलं की वेळ लांबतो. पिशवी घासल्याचा आवाजही ऐकू येतो. एका गुरुवारी ओढ्याजवळच्या शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकला आणि घोटा मुरगळला. मी तिथेच बसले. फोनला रेंज नव्हती, आणि असती तरी कोणाला लावायचा हे मला सुचेना. भावाला? तो कल्याणहून काय करणार? मालकीणबाईंना? वॉचमनचा नंबर माझ्याकडे नव्हताच. मी रानात गेलेय हे कुणालाच माहीत नाही, ही गोष्ट तिथे बसल्यावर पहिल्यांदा नीट कळली. भीती वाटली असं नाही. कळ जरा ओसरल्यावर एक काठी शोधली आणि धरत-धरत खाली आले. शनिवारी घोट्याला पट्टा बांधून स्वयंपाक केला. मालकीणबाई म्हणाल्या, "लंगडताय का?" मी म्हटलं, "थोडं." त्या टेबलांवर फुलं लावायला गेल्या.

त्याच पावसाळ्यातला पुढचा एक शनिवार. दोन दिवस संततधार होती. तानसा नदीला पूर आला, मुंबईकडून येणारा रस्ता पाण्याखाली गेला. सकाळपासून एकेक पाहुण्यांचे नकाराचे फोन. दुपारी मालकीणबाईंचाही आला. त्या स्वतःच निम्म्या वाटेवरून परत फिरल्या होत्या. "आज कोणीच नाही, तुम्ही आराम करा," त्या म्हणाल्या. सगळी तयारी झालेली होती. बांबूचे कोंब रात्रभर पाण्यात ठेवून कडवटपणा काढलेला, कुर्डूच्या वड्या वाफवलेल्या, त्या वर्षाची शेवटची शेवळं चिरून घसा खाजू नये म्हणून काकडाच्या आंबट फळांच्या रसात शिजवलेली. मी सगळं झाकलं आणि पडवीत खुर्ची घेऊन बसले.

दिवेलागणीच्या आधी गेटाशी एक रिक्षा थांबली. काळा बुरखा, त्यावर प्लास्टिकचा पारदर्शक रेनकोट घातलेल्या एक वयस्कर बाई उतरल्या. अंबाडीकडचा रस्ता उघडा होता, तिकडून भिवंडीहून आल्या होत्या.

"बंद हाय काय?"

"बंद नाही. पण आज दुसरं कोणी नाही आलेलं."

"माजी मुलगी मुंबईवरनं येनार होती. तिनंच हे बुक केलं, आईला वेगळं काहीतरी खिलवते म्हनून. ती पान्यात अडकली. मी पन परत जाऊ?"

"इतक्या लांब आलात. बसा ना."

रिक्षावाला त्यांच्याच मोहल्ल्यातला होता. तो जेवायला वज्रेश्वरीला गेला. मी रेनकोट वाळत घातला आणि त्यांना पडवीतल्या टेबलाशी बसवलं. पहिली ताटली नेली. मधोमध कुर्डूची एक कुरकुरीत वडी आणि चिंचेचा ठिपका.

त्यांनी ताटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बेटा, हे चाखायला दिलंस का जेवायला?"

"अजून सहा यायचेत, खाला."

खाला हा शब्द आपोआप तोंडातून गेला. आमच्या चाळीत पलीकडच्या सगळ्या मुसलमान बायका आम्हाला खाला, म्हणजे मावशीच, होत्या. त्यांनी मान वर केली. "तू भिवंडीची?"

"हो."

"वाटलंच."

दुसरी ताटली नेली, नारळाच्या दुधातले कोंब. सवयीनं मी सांगायला लागले, "हे बांबूचे कोंब. आम्ही नदीच्या वरच्या बाजूच्या बांबूच्या बेटातून आणतो. आम्ही ते—"

"आम्ही म्हणजे कोन? तू नि तुजे मिस्टर?"

"लग्न नाही केलं मी. शेजारच्या एक वहिनी यायच्या बरोबर. आता त्या गोडाऊनला जातात."

"मंग आता एकटीच जातेस?"

"हो."

त्यांनी कोंबाचा एक तुकडा खाल्ला, शांतपणे चावला. "मी पन तसंच बोलते. मुलीचा फोन आला की सांगते, आमच्याकडं आज खिचडी हाय. आमच्याकडं कोन हाय? मी नि फ्रीज."

हसावं की नाही ते मला कळेना. त्याच हसल्या, म्हणून मीही हसले.

"तू जेवलीस?"

"पाहुण्यांचं झालं की जेवते."

"नंतर तुला कोन वाढनार? आन तुझी ताटली."

ती टेबलं मी रोज पुसत होते, पण त्यातल्या एकाशीही कधी बसले नव्हते. त्या दिवशी बसले. प्रत्येक पदार्थाला उठायचं, दोन ताटल्या वाढून आणायच्या आणि समोरासमोर बसून खायचं. स्वतःचा स्वयंपाक सुरुवातीपासून शेवटपर्यंत, गरम गरम, मी तोवर खाल्ला नव्हता. कोंबाला मीठ जरा कमी पडलं होतं. चमच्यानं चाखताना ते लक्षात येत नाही.

शेवळं आली तेव्हा त्या सरसावून बसल्या. "खिम्याशिवाय शेवळं?"

"इथे चालत नाही. फणसाच्या आठळ्या घातल्यात."

त्यांनी पहिला घास घेऊन जरा वाट पाहिली, घसा खाजतो का ते बघायला. "काकड बरोबर पडलंय. तुमच्यात काय घालतात?"

"आई सोडे घालायची."

"मंग हे तुला आवडतं?"

"वाईट नाही."

"वाईट नायच. चांगलं हाय. पन घरचं नाय," त्या म्हणाल्या, आणि ताटली बोटानं पुसून घेतली.

जेवता जेवता त्यांनी घरचं सांगितलं. मिस्टर गेल्यावर मुलांनी घरचे लूम भंगारात काढले, शेड भाड्यानं दिली. मुलं आखातात. "सगळी बोलायची, खाला, तुमच्या डोक्याला आता आराम. आराम कसला. लूम बंद पडल्यापासून मला भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं." मी त्यांना माझ्या झोपेचं सांगितलं. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काय आहे असं वाटायचं. त्यांना ते पूर्ण कळलं. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या.

रिक्षा आली. उरलेली शेवळं मी त्यांना डब्यात घालून दिली. त्यांनी माझ्या फोनमध्ये स्वतःचा नंबर घालायला लावला, चष्मा नव्हता म्हणून आकडे सांगत गेल्या. "पुढच्या साली शेवळं आली की घरी ये. खिम्यात करते. तू रान घेऊन ये, मी बाकीचं बघते." मी येते म्हणाले, आणि तसं म्हणताना मी खरंच जाणार होते.

श्रावणात मी फोन केला. त्यांच्या मुलीनं उचलला. आईला ती मुंबईला घेऊन गेली होती, भिवंडीचं घर बंद केलं होतं. मग त्या फोनवर आल्या. आवाज बारीक वाटला.

"इकडं लिफ्ट हाय, सगळं हाय," त्या म्हणाल्या. "खिडकी उघडली की समोरच्यांचं किचन दिसतं. आता रानात काय हाय?"

"करटोली."

"कशी करतेस?"

मी सगळी कृती सांगितली, बिया काढण्यापासून. मध्ये मध्ये त्या 'हं, हं' करत होत्या. मग नमाजाची वेळ झाली म्हणून त्यांनी फोन ठेवला. पुढच्या वर्षी शेवळं आली तेव्हा मी पुन्हा लावला. तो नंबर बंद होता. मुलीचा नंबर मी कधी घेतलाच नव्हता.

वहिनींच्या घरी मात्र मी जायला लागले. त्या येत नाहीत म्हणून वाट बघत बसण्यापेक्षा आपण जावं, एवढी साधी गोष्ट मला उशिरा सुचली. पहिल्यांदा गेले तेव्हा कुलूची भाजी डब्यात नेली होती. त्यांचे पाय सुजलेले होते, उशीवर ठेवून त्या टीव्हीसमोर पडल्या होत्या. दिवसभर उभं राहायचं काम.

"काय आणलंस?" त्यांनी झाकण उघडलं. "परत हाच पाला?"

"मग जवला आणू पुढच्या वेळी?"

"आन," त्या म्हणाल्या. पण भाकरी मागवली आणि भाजी सगळी खाल्ली. सुनेनं मला चहा दिला. टीव्हीवर त्यांची रोजची मालिका लागली होती. कोण कोणाची कोण ते मी विचारलं, त्यांनी दोन-तीन जणांचं सांगितलं आणि बोलता बोलताच त्यांना झोप लागली. सून आत भांडी घासत होती. बाहेर पाऊस होता. मला मालिकेतलं काही कळत नव्हतं, पण जा असं कोणी म्हणालं नाही, म्हणून संपेपर्यंत बसून राहिले.