नाल्याचा चढ आणि बारा पोती

कुसुमावती लग्न होऊन नागपूरला आली तेव्हा गोळीबार चौकामागच्या त्या गल्लीत घराघरातून मागाचा आवाज यायचा. उमरेडच्या विणकराची लेक ती. खड्ड्यात पाय सोडून मागावर बसायला तिला कोणी शिकवावं लागलं नाही. नवरा शालिकराम एका मागावर, ती दुसऱ्यावर. लुगडं उतरलं की घडी घालून इतवारीच्या बाजारात न्यायचं, सूत घेऊन परत यायचं. पण सत्तर साल उजाडेपर्यंत गल्लीतले माग एकेक करून गप्प झाले. मिलचं कापड स्वस्त पडायचं. कोणी सायकलरिक्षा ओढायला लागला, कोणी विड्या वळायला बसला. शालिकराम एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढला आणि तीन वर्षांनी ड्रायव्हर होऊन उतरला.

मग त्याच्या डोक्यात आपल्या गाडीचं खूळ शिरलं. स्वतःचा माग त्याने विकला, कुसुमावतीने गळ्यातली पोत दिली, आणि त्र्याहत्तरच्या दिवाळीआधी लिलावातला एक जुना पेट्रोल पिकअप त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. उभा राहिला म्हणजे चौघांनी ढकलत आणला. गल्लीने त्याचं नाव त्याच दिवशी ठेवलं, ढकलगाडी.

गाडी चालायची, पण जीव नव्हता तिच्यात. कुहीकडच्या खेड्यांतून धान आणून नागपूरच्या राइस मिलला पोचवायचं काम शालिकरामला मिळालं होतं. मिलचे मालक मनोहरराव माणूस वाईट नव्हते, पण घड्याळाकडे बघून बोलणारे. आणि वाटेत सावळगोंदीचा नाला होता. उन्हाळ्या-हिवाळ्यात त्यात पाणी नसायचं. पण दयामायाही नसायची. उतार उतरून गाडी तळाशी गेली की पलीकडचा चढ भिंतीसारखा समोर यायचा. बारा पोती भरलेली गाडी अर्ध्यात जाऊन घरघरायची आणि मागे सरकू लागायची. मग सहा पोती खाली काढायची, सहा वर न्यायची, परत यायचं.

हे सगळं कुसुमावतीला ऐकून माहीत होतं. पाहिलं तिने मार्गशीर्ष महिन्यात. कुहीच्या बाजारात दोन लुगडी विकायची म्हणून ती त्या दिवशी गाडीत बसून गेली होती. परतताना नाल्यात गाडी थांबली, शालिकरामने मागच्या चाकाला दगड लावला आणि पहिलं पोतं पाठीवर घेतलं. धान ज्याचं होतं तो गोविंदा दुसरं घेऊन निघाला. शालिकराम चढाच्या मध्यावर थांबला, एक हात गुडघ्यावर टेकला, आणि तसाच वाकलेला उभा राहिला. पंचेचाळिशीचा माणूस. कुसुमावतीने मान फिरवली. नवऱ्याला असं बघितलेलं त्याला कळू नये, एवढंच तिला वाटलं.

त्या दिवशी मिलवर पोचायला संध्याकाळ झाली. मनोहरराव म्हणाले, "शालिकराम, संक्रांतीपर्यंत पाहतो. मंग दुसरी गाडी लावतो. माले बी मिल चालवाची हाये."

नागपुरातल्या एका मिस्त्रीने इंजिनाचा आवाज ऐकला आणि हात पुसत सांगितलं की इंजिन संपलं आहे. सिलिंडर आतून खरवडून बोअर करा, नाहीतर दुसरं इंजिन बसवा. किती लागतील ते त्याने सांगितलं.

जेवताना शालिकराम म्हणाला, "एक माग उरला हाये. तो इकला तं अर्धे पैसे निघतील."

तो माग कुसुमावतीचा होता. ती भात वाढत होती, वाढत राहिली.

"इकाचा तं इकू," ती म्हणाली. "पण आधी कोनाले तरी नीट दाखवा ना. त्या मिस्त्रीनं बोनट तरी उघडलं का?"

"मंग कोनाले दाखवू?"

"गोपिकाबाईच्या मालकाले."

गोपिका म्हणजे खापरखेड्याच्या वसाहतीतली तिची जुनी गिऱ्हाईक. दर वर्षी अशोक विजयादशमीला, दीक्षेच्या दिवशी, नेसायला ती कुसुमावतीकडून पांढरं लुगडं घ्यायची. तिचा नवरा बळीराम वीज केंद्रात फिटर होता. छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच वर्षी तो नोकरीला लागला, आणि तेव्हापासून पंप, मोटारी, व्हॉल्व यांच्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं. रविवारी नवराबायको गाडी घेऊन त्याच्या क्वार्टरसमोर उभे राहिले.

बळीरामने सगळं ऐकून घेतलं. बोनट मात्र उघडलं नाही. मागचं चाक जॅकवर उचललं आणि हाताने फिरवलं. चाक अर्धा फेरा फिरून थांबलं.

"हे पाहा," तो म्हणाला. "बिरेक धरून बसला हाये. तुम्ही गाडी चालवून राहिले, अन् गाडी सोताच सोताले थांबवून राहिली. शालिकरामभाऊ, ताकद वाढवाची गोष्ट मंग करू. जे हाये ते कुठी वाया जाते, ते आधी पाहू."

मग ते तिघं तीन रविवार वाया जाणारी ताकद शोधत बसले. चारही ब्रेक साफ करून मोकळे केले. चाकांत हवा कमी होती, ती भरली. धुराचा पाइप एके ठिकाणी चेपलेला होता आणि सायलेन्सर काजळीने गच्च भरलेला. बळीरामने तो शेणाच्या गोवऱ्यांत भाजून काढला आणि ठोकून रिकामा केला. टोपलंभर काळा भुगा निघाला. गोपिका दारातून म्हणाली, "नाक असं बंद असल्यावर माणूस तरी चढ चढन का?"

दुसऱ्या रविवारी त्यांनी इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा लोखंडी ठोकळा, उघडलं. आत आठ व्हॉल्व, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी छोटी झाकणं. ती आपल्या जागी घट्ट बसत नव्हती, फटींतून जोर निसटत होता. बळीरामने झाकणाच्या बुडाला घासायची पेस्ट लावली, रबरी टोपीची काठी त्यावर चिकटवली, आणि ताक घुसळावं तशी ती दोन तळव्यांत फिरवून दाखवली.

"हे काम घाईचं नाही. एकेकाले तास-दोन तास. माले पाळीवर जा लागते, माह्यानं नाही होनार."

"मी करतो," शालिकराम म्हणाला.

बळीरामने त्याचे हात पाहिले, मग कुसुमावतीचे. "वहिनी, तुम्ही करा. जोर लावाचा नाही याले. एकसारखं फिरलं पाहिजे, बस."

ते हेड पोत्यात बांधून एस.टी.ने नागपूरला आलं. आठवडाभर कुसुमावती सकाळी मागावर आणि दुपारी ओसरीत व्हॉल्व घेऊन बसायची. खरखर करता करता आवाज मऊ व्हायचा, मग ती थांबायची, बोटाने चाचपायची, पुन्हा फिरवायची. शेजारची जनाबाई येऊन बसली आणि म्हणाली, "काय करून राहिली वं? मोटारीची चटनी वाटून राहिली का?" कुसुमावती हसली, पण हात थांबला नाही. पुढच्या रविवारी बळीरामने भोकांत रॉकेल ओतून हेड तसंच ठेवलं. गोपिकाने केलेला गोळाभात सगळ्यांनी अंगणात बसून खाल्ला, वर फोडणीचं तेल. जेवून उठल्यावर बळीराम खाली वाकला. एकाही झाकणाखालून रॉकेल पाझरलं नव्हतं. त्याने पुन्हा एकदा वाकून पाहिलं.

खर्च झाला तो एक गॅस्केट, चार प्लग आणि पेस्टची डबी यांचा. इंजिन सुरू झालं तेव्हा बोनट उघडं होतं आणि बळीराम कार्बोरेटरजवळची दांडी हाताने ओढत होता. आवाज सरळ, मोकळा. शालिकरामने कुसुमावतीकडे पाहिलं. असं तो लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात बघायचा.

संक्रांतीला चार दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी दोघं सावळगोंदीला गेले. गोविंदाने दहा पोती भरली. गाडी चढ चढून गेली. शालिकराम तिथूनच ओरडला, "आणखी दोन टाक गा." गाडी खाली आली आणि बारा पोती घेऊन पुन्हा तळातून निघाली. अर्धा चढ, पाऊण चढ. वरच्या टोकाला आठ पावलं उरली असताना ती थकली आणि बंद पडली.

गोविंदाने पळत जाऊन चाकाला दगड लावला. शालिकराम स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.

"जेवढं होतं तेवढं दिलं तिनं," तो म्हणाला. "माग इका लागनच, कुसुमा."

कुसुमावती खाली उतरली. तीन रविवार बळीरामच्या बाजूला उभी राहून तिने जे पाहिलं होतं ते तिच्या डोळ्यांपुढे होतं. तिने बोनट उघडलं. कार्बोरेटरची दांडी तिला ओळखीची होती. तिथून एक तार आत पायाकडे जायची.

"पाय दाबा बरं," ती म्हणाली.

"इंजिन बंद हाये वं."

"असू द्या. दाबा."

त्याने पॅडल दाबलं. दांडी फिरली आणि थांबली.

"आणखी दाबा."

"पुरा दाबून राहिलो. पाय पत्र्याले टेकला."

कुसुमावतीने दांडीला बोट लावलं आणि पुढे ढकललं. ती आणखी फिरली, चांगली अर्धं बोट. तिने पुन्हा दोनदा ढकलून पाहिलं. हे दुखणं तिला पाठ होतं. मागाची पावडी पायाने पूर्ण दाबली, पण दोरी ढिली असली की धागे पुरते उघडत नाहीत, मग आडवा धागा नेणारा धोटा अडकतो. त्यात ना पायाचा दोष, ना धाग्यांचा.

"तार ढिली हाये," ती म्हणाली. "तुम्ही पुरं दाबता, पण इकडं पुरं उघडतच नाही. बळीरामभाऊ इथूनच हातानं ओढून पाहत होते, म्हनून त्याहिले नाही समजलं."

शालिकराम खाली उतरून आला. तिने दाखवलं. पाना त्याच्याकडे होता, पण बोटं तिची बारीक, तीच आत गेली. तिने तारेचा स्क्रू सैल केला, तार ओढून ताणली, तशीच धरली आणि शालिकराम पाना लावून म्हणाला, "आता कसू का?"

"कसा."

गोविंदा काढून ठेवायला दोन पोती खाली ओढत होता. शालिकरामने त्याला थांबवलं. गाडी तळापर्यंत मागे नेली. कुसुमावती चढाच्या कडेला उभी राहिली. गाडी निघाली तेव्हा आवाजच वेगळा होता, खोल छातीतून आल्यासारखा. अर्धा चढ, पाऊण चढ, आणि ती आठ पावलं. वर जाऊन गाडी बाभळीच्या झाडाशी थांबली. कुसुमावती चढ चढून वर पोचली तोवर शालिकराम उतरून मागची बारा पोती मोजत होता, जणू एखादं खाली पडलं असावं.

काम टिकलं. मनोहररावांनी संक्रांतीनंतर दुसऱ्या गावाचंही धान त्याच गाडीला दिलं. बळीरामला तारेची गोष्ट कळली तेव्हा त्याने कपाळावर हात मारला आणि मग वीज केंद्रातल्या साऱ्या फिटरांना ती स्वतः सांगत सुटला, आपली चूक मुळीच न लपवता. त्याच्यामुळे दोन-तीन गाडीवाले व्हॉल्व घासून घ्यायला कुसुमावतीच्या ओसरीत येऊ लागले. माग चालू राहिला, आणि मागाच्या बाजूला ती रबरी टोपीची काठीही राहिली.

अठ्ठ्याहत्तर साली शालिकरामची गुडघेदुखी वाढली. क्लच दाबताना तो ओठ आवळायचा. कुसुमावती एक दिवस म्हणाली, "मले शिकवा." तो हसला नाही. खापरखेड्याच्या वसाहतीमागच्या मोकळ्या मैदानावर रविवारी ती शिकली. गोपिका कडेला उभी राहून "सांभाळून वं, खांब हाये" म्हणत राहिली. परवान्याच्या कचेरीत साहेबाने अर्ज दोनदा वाचला, चष्म्यावरून तिच्या नऊवारीकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, चालवता येईल?"

"पाय दोन्ही कामाचे हायेत साहेब," ती म्हणाली. "लहानपनापासून."

परवाना मिळाल्यावरच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी ती गाडी घेऊन कुहीला निघाली. शालिकराम बाजूला बसला होता, हात मांडीवर ठेवून. मागे लुगड्यांची गाठोडी आणि गल्लीतल्या पाच बायका. जनाबाईने डोळे गच्च मिटून घेतले होते. उमरेड रोडला लागल्यावर वारा लागला तसा तिने एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि पदर सावरून ती रस्त्याच्या दोन्ही बाजूंची शेतं बघू लागली.