दोन बाजार, तेच आवाज

सर निवृत्त होणार होते. निरोप समारंभात त्यांच्या संशोधनाचा आढावा मी वाचायचा, असं कॉलेजनं परस्पर ठरवून टाकलं. ते माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक, त्यांचे बरेचसे पेपर आम्ही दोघांनी मिळून लिहिलेले, आणि संगणक विभागात असली हमाली करायला माझ्याशिवाय कुणी सापडत नाही.

आढावा म्हणजे काय, तर इतरांनी आपापल्या पेपरात सरांच्या पेपरांचा उल्लेख किती वेळा केला ते मोजायचं. त्याला सायटेशन म्हणतात. शिवाय कुणाकुणाबरोबर काम केलं, त्याचा नकाशा. वेबसाइटवर दोन्ही आयतं मिळतं. नकाशात सरांच्या नावापासून एकच जाड रेघ निघत होती, ती माझ्यापर्यंत यायची. बाकीच्या केसाएवढ्या. सायटेशन मात्र भरपूर होती आणि जवळपास सगळी एकाच पेपरची.

तो पेपर आमच्या बोलीवरचा. इकडचं बोलणं संगणकाला समजावं म्हणून आम्ही ताडकळसच्या आठवडी बाजारात मायक्रोफोन घेऊन हिंडलो. भाजीवाल्या, दोरखंडवाले, मिरचीवाल्या, सगळ्यांचे आवाज भरून घेतले. संगणकाला शिकवलं. मग अनोळखी आवाजांवर त्याची परीक्षा घ्यायची म्हणून गंगाखेडच्या बाजारात गेलो. तो झकास पास झाला. सरांनी विभागात पेढे वाटले.

आमचा उल्लेख करणारे पेपर मी या आढाव्यासाठी पहिल्यांदाच उघडले. तोवर नुसता आकडा बघायचो, सरही आणि मीही. सगळेच तसं करतात. पहिल्याच पेपरात लिहिलं होतं, की यांच्या परीक्षेतले आवाज शिकवणीतलेच आहेत. दुसऱ्यातही तेच. पुढच्यांनी आमचा पेपर ‘असं करू नये’ याचा नमुना म्हणून दिलेला. आवाज आम्ही सगळ्यांसाठी खुले ठेवले होते, ते त्यांनी तपासले होते. त्यांनी लिहिलेलं खोटं काहीच नव्हतं. बाजारवाले काय एका गावी बसून राहतात? आज ताडकळस, उद्या दुसरीकडे. मिरचीवाली दोन्हीकडे तीच होती. आमच्यासारख्या इथंच वाढलेल्या दोघांना हे सुचू नये!

मला रडू यायला हवं होतं, निदान राग तरी. काहीच आलं नाही. लॅपटॉप मिटला आणि तासावर गेले.

समारंभाच्या आदल्या दिवशी सरांच्या घरी गेले. काकू चहा देऊन आत गेल्या.

“आता किती झालं ग?” सरांनी विचारलं.

आकडा सांगितला. सर हरखले. “एवढी माणसं आपलं वाचायलीत? लय झालं की.”

मग मी उरलेलंही सांगितलं. हजेरी घेतल्यासारखा सपाट आवाज निघत होता माझा.

सरांनी कप बशीत ठेवला. “चूक दाखवली तरी आकड्यात एक धरतेत?”

“धरतात, सर.”

“ती मिरचीवाली,” ते म्हणाले, “तिनं गंगाखेडात मला वळखलं होतं. ‘सायेब, इकडं बी आलाव का,’ म्हणली. मी हसलो आन् मायक्रोफोन पुढं केला. ध्यानातच आलं न्हाई.”

सरांनी आवाज हळू केला.

“उद्या हे सांगू नको. आकडा तेवढा सांग.” त्यांनी आतल्या खोलीकडे मान वळवली. “जन्मभर घरी नव्हतो मी. ते कशासाठी तरी नव्हतो, एवढं तिला वाटू दे.”

दुसऱ्या दिवशी मी आकडा वाचला. तेवढाच वाचला. सभागृहात टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत काकूंनी पदर डोळ्यांना लावला. सर शालीची घडी नीट करत बसले होते.

प्राचार्य म्हणाले, या यशात सहलेखिकेचाही वाटा आहे, त्यांनी उभं राहावं. मी उभी राहिले. पुन्हा टाळ्या झाल्या. सगळे थांबल्यावरही काकू माझ्याकडे बघून वाजवत होत्या.