समोरच्या काठावरचं माहेर

अयेरंगो आमची शेजारीण. फाटकी जाळी सांधून द्यायची. सासर इकडे युगांडाच्या काठावर, माहेर समोर काँगोत, मध्ये अल्बर्ट सरोवर. आभाळ निवळ असलं की तिच्या अंगणातून माहेरचे डोंगर दिसत. दोन्ही काठांवर आम्ही अलूर जमातीचेच, बोलीही एकच. सकाळी नावेत बसली की दुपारी ती आईच्या हातचं जेवायची. तू कुठल्या देशाची, असं कुणी विचारत नसे.

पुढे सरोवराखाली तेल सापडलं आणि दोन्हीकडचे शिपाई पाण्यावर गस्त घालू लागले. एकदा इकडच्यांनी गोळी झाडली. तिचा चुलतभाऊ उपेंजी जाळं ओढता ओढता नावेतच गेला. लगेच नावा बंद झाल्या. त्याच आठवड्यात फोन आला, आई गेली.

आम्ही दोघी धक्क्यावर धावलो.

"साहेब, आईला माती द्यायचीय. सोडा मला."

"पास आहे?"

"आईकडे जायला कसला पास?"

"मग इथूनच रड, मावशी. जाईल तिकडे ऐकू." बाकीचे शिपाई हसले.

तीन दिवस ती धक्क्यावरून हलली नाही. चौथ्या दिवशी कळलं, आईला पुरलं.

दोन महिन्यांनी नावा सुटल्या तेव्हा मी तिच्यासोबत गेले. धाकटा भाऊ पिरवोथ दारातच बसला होता. उठला नाही.

"आलीस होय, ताई? माती वाळलीसुद्धा."

"येऊ दिलं नाही रे! तीन दिवस धक्क्यावर होते. विचार हिला."

"तुमच्या शिपायांनी उपेंजीला मारलं, तेव्हाही नाही आलीस."

"तुमच्या?" ती म्हणाली. "ते माझे कधीपासून झाले, पिरवोथ?"

त्यानं मान फिरवली. वहिनीनं पाणी दिलं. जेवायला थांबा म्हणाली नाही. अयेरंगो आईच्या मातीवर हात ठेवून बराच वेळ बसली. निघताना पिरवोथनं आमची नाव पाण्यात ढकलली, पण परत ये म्हणाला नाही.

ती पुन्हा गेली नाही. पुढच्या वर्षी मासे विकणाऱ्या बायकांनी बातमी आणली, पिरवोथच्या मुलीचं लग्न झालं. आमच्यात नवरीला सजवायचा मान आत्याचा. अयेरंगोनं हातातलं जाळं खाली ठेवलं.

"नवरीला कुणी सजवलं गं?"

त्यांना ते माहीत नव्हतं.