पांढरीपांडे साहेब आणि परतीचं तिकीट

पांढरीपांडे साहेबांच्या टेबलासमोर कारखान्यातले भलेभले इंजिनियर शाळकरी मुलांसारखे उभे राहत. साहेब स्वतः साधे सेक्शन ऑफिसर, आणि समोर उभा असलेला कधी सीनियर मॅनेजर, कधी त्याच्याही वरचा. पण परदेशी निघालेल्या प्रत्येकाला आदल्या दिवशी त्यांच्याकडे तालीम द्यावी लागे. साहेब चष्मा नाकाच्या टोकावर घेत, चेहरा दगडासारखा करत आणि नागपुरी वळणाच्या इंग्रजीत विचारत, "पर्पज ऑफ व्हिजिट? हाऊ मेनी डेज? शो मी युवर रिटर्न टिकेट." कागद शोधायला माणसाने फार वेळ लावला की ते फाइल मिटून म्हणत, "बाहेर जा. पुन्हा आत या."

मी त्या सेक्शनमध्ये टायपिस्ट म्हणून रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी मला या नाटकात काम मिळालं. साहेब परदेशातले अधिकारी आणि मी विमान कंपनीच्या काउंटरवरची मुलगी. मी समोरच्याचे कागद न तपासताच त्याला पुढे सोडत होते. साहेब हळूच म्हणाले, "काळेबाई, तुम्ही कडक राहा. अधिकारी एक वेळ सोडेल, काउंटरवाली सोडत नाही." का सोडत नाही तेही त्यांनी मला दुपारच्या चहाला समजावलं. त्या देशाने माणूस आत घेतला नाही, तर ज्या विमानाने आणला त्यालाच तो परत न्यावा लागतो. म्हणून तुम्ही तिथून निघणार कधी, हे विमान कंपनीला इथेच, चढण्याआधी बघायचं असतं. व्हिसा मिळाला म्हणजे झालं, असं समजणाऱ्यांवर त्यांचा फार राग. "व्हिसा म्हणजे दारापर्यंत जायची परवानगी," ते म्हणत. "आत घ्यायचं की नाही ते दारातला ठरवतो. आणि त्याला आपण येऊन राहिलो याच्यापेक्षा जाऊन राहिलो कधी, याची काळजी जास्त."

भोपाळच्या त्या टाउनशिपमध्ये आमचा कारखाना अवजड यंत्रं बनवी. यंत्रं देशोदेशी जात आणि ती उभी करायला मागोमाग आमचे इंजिनियर, वेल्डर, फिटर जात. त्यांचे पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटं बघायला आमची तीन माणसांची खोली. भिंतीवर जगाचा एक नकाशा होता आणि साहेबांनी त्यावर देशादेशाचे नियम पेन्सिलीने लिहून ठेवले होते. नियम बदलला की खोडरबर घेऊन स्टुलावर चढत. कुठे परतीचं तिकीट हवंच, कुठे पुढच्या देशाचं चालतं, कुठे कागदावर नियम आहे पण विचारत कोणी नाही. या शेवटच्या देशांबद्दल ते सर्वांत जास्त सावध असत. "नियम सगळ्यांना सारखा," ते म्हणत, "विचारणारा मात्र चेहरा पाहून विचारतो. आपला चेहरा कसा आहे ते आपल्याला काय माहीत?"

साहेबांचे वडील नागपूरच्या सचिवालयात कारकून. राज्याची राजधानी नागपूरहून भोपाळला आली तेव्हा ऑफिसबरोबर दोन ट्रंका घेऊन तेही आले. दोन-तीन वर्षांत परत जाऊ, असं घरात ठरलं होतं, आणि त्या भरवशावर आईने पितळेची मोठी भांडी नागपुरातच ठेवली होती. ती भांडी काही कधी आली नाहीत आणि माणसंही गेली नाहीत. साहेब इथेच वाढले. बाजारात अस्सल भोपाळी हिंदी बोलत आणि घरात शिरताच "काय करून राहिले?" सुरू होई. पत्नी विमलकाकू टाउनशिपच्या शाळेत गणित शिकवत. मुलगी अनघा माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. गंमत म्हणजे हजारांना परदेशी धाडणाऱ्या या माणसाकडे स्वतःचा पासपोर्टच नव्हता. कोणी त्यावरून छेडलं की म्हणत, "मी गेलो तर तुम्हाला पाठवेल कोण?"

तालमीची टिंगल करणारेही होते. भटनागर नावाचे एक हुशार डेप्युटी मॅनेजर होते. परदेशातलं ऑफिसचं काम आटोपून ते तिथून शेजारच्या एका छोट्या बेटावरच्या देशात चार दिवस स्वखर्चाने फिरायला जाणार होते. तिथे जायचं तिकीट होतं, तिथून निघायचं नव्हतं. तिथेच काढेन, असं त्यांचं म्हणणं. साहेबांनी तालमीत त्यांना तीनदा नापास केलं. भटनागर हसत हसत निघून गेले. आठवड्याने ते बेटाच्या विमानासाठी काउंटरवर उभे राहिले आणि तिथल्या मुलीने विचारलं, पुढचं तिकीट दाखवा. त्यांनी आपला हुद्दा सांगितला, कारखान्याचं पत्र दाखवलं. ती फक्त मान हलवत राहिली. शेवटी हताश होऊन त्यांनी साहेबांनी दिलेली फाइल उलटीपालटी केली, तर शेवटच्या कप्प्यात एक पाकीट निघालं. आत त्यांच्याच नावाचं, बेटावरून निघायचं तिकीट. वापरलं नाही तर परत घ्यायच्या बोलीवर साहेबांनी ते एजंटाकडून काढून ठेवलं होतं. सोबत चिठ्ठी होती: "आता हसा." भटनागर परत आले ते थेट आमच्या खोलीत. त्यांनी टेबलावर चॉकलेटचा डबा ठेवला, आणि पुढच्या वेळी तालमीला वेळेच्या दहा मिनिटं आधी हजर.

पण साहेब मला खरे कळले ते ढोबळ्यांच्या वेळी. प्रभाकर ढोबळे हा मूळ अमरावतीचा, आमच्याकडचा नावाजलेला वेल्डर. आग्नेय आशियातल्या एका देशात आमचं काम चालू होतं, तिथे तो मचाणावरून पडला. कमरेचं हाड मोडलं, डोक्याला मार लागला. शुद्ध नाही, एवढंच टेलेक्सवर कळलं. कारखान्याने त्याच्या बायकोला, कुसुमताईंना, ताबडतोब पाठवायचं ठरवलं. सर्वांत लवकर मिळणारा व्हिसा पर्यटकाचा. साहेबांनी त्यांचा पासपोर्ट तातडीने काढून आणला, एका सकाळीत बाकीचे कागद तयार केले आणि परतीचं तिकीट ओपन ठेवलं, म्हणजे तिकीट आहे पण तारीख घातलेली नाही. दुसऱ्या दिवशी मुंबईहून आमच्या माणसाचा निरोप आला की वकिलातीला ओपन तिकीट चालणार नाही, परतीची पक्की तारीख हवी.

साहेबांनी कुसुमताईंना बोलावून घेतलं. त्या तीस-बत्तीस वर्षांच्या असतील, आठवीपर्यंत शिकलेल्या, भोपाळच्या बाहेर म्हणजे फक्त माहेरी गेलेल्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या. साहेबांनी नियम समजावला आणि विचारलं, कोणती तारीख घालू. त्यांनी नकाशाकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "कोणती तारीख सांगू, साहेब? आणि तिकिटं किती सांगू?"

मी टाइपरायटरवरून मान वर केली नाही. मला वाटलं, आता साहेब काहीतरी समजुतीचं बोलतील. पण ते उठले, कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला, हाड सांधायला किती दिवस लागतील ते विचारलं. परत येऊन बसले आणि म्हणाले, "तीस दिवस राहायला देतात. अठ्ठाविसावा दिवस धरतो. तिकिटं दोन. तुमचं आणि प्रभाकरचं. शेजारशेजारच्या खुर्च्या."

प्रभाकरचं परतीचं तिकीट त्याच्याकडे होतंच, त्यावरही तारीख नव्हती. साहेबांनी टेलेक्स करून तीच तारीख त्यावरही घालून घेतली आणि पक्क्या झालेल्या दोन्ही जागांचा कागद कुसुमताईंच्या फाइलला लावला. हे काही नियमात नव्हतं. वकिलातीला एकच तिकीट पुरलं असतं. मी तसं म्हटलं, तर साहेब म्हणाले, "ते वकिलातीसाठी नाही."

कुसुमताईंची तालीम वेगळी झाली. साहेब अधिकारी झाले नाहीत. त्यांनी मला अधिकारी केलं आणि स्वतः कुसुमताईंच्या शेजारी उभे राहिले. इंग्रजीतली चारच वाक्यं होती. पहिलं वाक्य म्हणताच त्यांना रडू कोसळलं. मलाही पुढचं विचारवेना. साहेबांनी त्यांना रडू दिलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "कुसुमताई, तिथंही रडू येईल. आलं तर रडा, हरकत नाही. पण आधी तिकीट दाखवा, मग रडा." रडता रडता त्यांना हसू फुटलं. मग आम्ही सात वेळा तालीम केली. सातव्या वेळी त्यांनी मी विचारायच्या आतच फाइल उघडून कागद पुढे धरला.

पुढे काय झालं ते त्यांनी आल्यावर सांगितलं. तिथल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट बघितला, वर बघितलं आणि काहीतरी विचारलं. काय विचारलं ते त्यांना समजलंच नाही. त्यांनी फाइल पुढे केली. त्याने परतीची तारीख वाचली, मग दुसरं नाव वाचलं, आणि विचारलं, "हजबंड?" त्या म्हणाल्या, "हॉस्पिटल." आणि मग ठरल्याप्रमाणे रडल्या. त्याने तीस दिवसांचा शिक्का मारला, खुर्चीवरून उठला आणि बाहेर न्यायला आलेल्या आमच्या माणसाच्या हाती त्यांना स्वतः सोपवून गेला.

त्या पोचल्यापासून नवव्या दिवशी प्रभाकरला शुद्ध आली. अठ्ठाविसाव्या दिवशी काही ते निघू शकले नाहीत. साहेबांनी तारीख पुढे ढकलली, मुदतवाढीचे कागद पाठवले, आणि ती तारीखही हुकल्यावर आणखी पुढे ढकलली. प्रत्येक वेळी दोन्ही तिकिटांवर एकच तारीख. शेवटी एका सकाळी दिल्लीच्या विमानाने दोघं भोपाळला उतरले, प्रभाकर चाकाच्या खुर्चीत, कुसुमताई खुर्ची ढकलत. साहेब मला घेऊन विमानतळावर गेले होते. एवढी माणसं पाठवली, पण घ्यायला म्हणून ते पहिल्यांदाच आले होते आणि कुठे उभं राहायचं तेही त्यांना माहीत नव्हतं. प्रभाकर त्यांच्या पाया पडायला वाकू लागला तेव्हा ते घाईघाईने म्हणाले, "कमरेचं हाड सांभाळ, हाड." आणि तोंड फिरवून माझ्याकडे टॅक्सीची चौकशी करू लागले. 

निवृत्तीनंतर त्यांनी भोपाळमध्येच अयोध्या नगरात छोटं घर बांधलं. त्यांच्या खुर्चीवर मी बसले. तोवर अनघा लग्न होऊन परदेशी गेली होती. तिला मुलगी झाली आणि विमलकाकूंनी हट्ट धरला. साहेबांनी साठीत पहिला पासपोर्ट काढला. तयारी काय विचारता. परतीची तिकिटं, विम्याचे कागद, अनघाचं पत्र, सगळं तीन-तीन प्रतींत, रंगीत कागदी खुणा लावून. निघण्याआधी मला घरी बोलावून दोघांनी तालीम केली. मी अजिबात दया दाखवली नाही.

तीन महिन्यांनी परत आले तेव्हा मी भेटायला गेले. साहेब जरा खट्टू दिसले. मी कारण विचारलं तर विमलकाकूच हसत सुटल्या. तिथल्या अधिकारी बाईंनी दोघांकडे बघितलं, नातीला भेटायला आलात का एवढं विचारलं आणि धडाधड शिक्के मारले. फाइल उघडायची वेळच आली नाही. साहेबांनी आपणहून तिकीट काढून दाखवलं, तर ती म्हणाली, राहू द्या, तुमच्यावर विश्वास आहे. "असं कसं चालेल बाप्पा," साहेब मला म्हणाले. "कागद बघायला नको?" पण सांगता सांगता तेही हसू लागले. नातीबद्दल विचारल्यावर मात्र त्यांनी फोटोंचा गठ्ठा काढला आणि दोन तास काही दुसरं बोलू दिलं नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी, दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत, ते गेले. सकाळी बागेत मेथीला पाणी घालून आत आले, खुर्चीत बसले आणि तिथेच. काही सोसावं लागलं नाही. अनघा आली, पंधरा दिवस राहिली आणि जाताना आईला सोबत चल म्हणाली. काकू नको म्हणाल्या. घरातल्या घरात वावरत राहिल्या. मी रविवारी जात असे, पण त्या फार बोलत नसत.

अशाच एका रविवारी त्यांनी साहेबांचा पासपोर्ट माझ्या हातात दिला. गेलेल्या माणसाचा पासपोर्ट रद्द करून घ्यावा लागतो, हे त्यांनी साहेबांकडूनच कधीतरी ऐकलं असणार. मी तो पासपोर्ट ऑफिसात नेला. तिथल्या माणसाने शिक्का मारला, कोपरा कापला आणि आठवण म्हणून परत दिला. मी तो काकूंना आणून दिला तेव्हा माझा जीव धास्तावला होता, कापलेला कोपरा बघून त्यांना काय वाटेल म्हणून. त्यांनी पानं उलटली. येण्याचा आणि जाण्याचा शिक्का असलेल्या पानावर बोट ठेवून बसल्या.

मग त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं त्यांनी दुसऱ्यांना पाठवलं आणि स्वतः गेले ते माझ्या हट्टापायी. विमानात खिडकीशी बसवलं होतं मी त्यांना. लहान मुलासारखे बघत होते." आणि जरा थांबून म्हणाल्या, "माझा पासपोर्ट अजून आठ वर्षं चालतो ना गं? अनघाला मी नको म्हटलं खरं, पण तिची मुलगी आता बोलायला लागली आहे. माझे कागद तू करशील?"

मी हो म्हटलं. एकटीने एवढा प्रवास जमेल का, असं त्यांनी विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता कपाटातून नवी साडी काढायला आत गेल्या. फोटो लागणार होता. त्याच दुपारी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून फोटो काढायला घेऊन गेले.