कुठलंच काही न सांगणारं आडनाव

ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये आमच्या दारात जो येईल तो एकच प्रश्न विचारायचा, "आडनाव नवीनच दिसते. म्हंजे तुम्ही कोण?" शाळेत असताना या प्रश्नाने माझं डोकं उठायचं. शेजारच्या काकू वाटीभर साखर न्यायला आल्या तरी जाता जाता हेच. बाबा ठरलेलं उत्तर द्यायचे, "आम्ही गडचिरोलीकडचे." काकूंचं समाधान व्हायचं नाही आणि साखरही परत यायची नाही.

हे आडनाव बाबांनी स्वतः केलेलं होतं. थर्मलच्या वीज केंद्रात नोकरी लागताच त्यांनी घराण्याचं गोंडी आडनाव टाकलं आणि गावाच्या नावाला 'कर' जोडून नवं घेतलं. जुनं आडनाव ऐकलं की समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, ते त्यांनी होस्टेलमध्ये भोगलं होतं. नवं आडनाव कुठलंच काही सांगत नाही, याचाच त्यांना अभिमान. आम्हा बहिणींची नावंही त्यांनी पाठ्यपुस्तकात शोभतील अशी ठेवली. आजीने मला गोंडी नाव ठेवलं होतं, ते घरात कुणी उच्चारत नसे.

दोन हजार सालाच्या पुढेमागे ताईचं एका मुलाशी जमलं. चंद्रपूरच्या कॉम्प्युटर क्लासमधली ओळख. मुलगा राजुऱ्याकडचा, कोळसा खाणीत नोकरीला, आणि गोंडच. ताईला आभाळ ठेंगणं झालं होतं. आता कुणाला नाव ठेवायला जागाच नाही, असं ती मला रोज ऐकवायची.

मुलगा आजोबांना घेऊन आला. पोहे झाले, चहा आला. आजोबा म्हणाले, "बाकी सारं बेस हाय. पण ह्या आडनावावरून काही समजून नाई राह्यलं. आमचे देव चार. तुमचे किती?"

आमच्यात आडनावावरूनच घराचे देव किती ते कळतं, चार, पाच, सहा की सात. सारख्या देवांची घरं भाऊ-भाऊ, त्यांच्यात लग्न होत नाही. हे आम्हा बहिणींना त्या दिवशी, त्या चहाच्या कपासमोर कळलं. मुलाच्या आडनावावरून बाबांना आधीच कळायला हवं होतं. ते हा हिशेब खरंच विसरले होते, की विसरल्यासारखं करत होते, देव जाणे.

बाबांनी कप बशीत ठेवला, पुन्हा उचलला. मी पडद्याआडून मनातल्या मनात ओरडत होते. पाच म्हणा, सहा म्हणा, कोण तपासायला जातंय? या आडनावाचा निदान आज तरी उपयोग होऊ द्या! स्वयंपाकघराच्या दारातून ताई त्यांच्याकडे बघत होती.

"चार," बाबा म्हणाले.

आजोबांचा चेहरा एकदम खुलला. "म्हंजे भाऊच झाला ना तू माहा!" त्यांनी बाबांना मिठी मारली, सोफ्यावर मांडी घातली आणि जेवायलाच थांबले. मुलगा ताटात मान घालून बसला होता. ताई वाढत होती आणि आजोबा प्रेमाने सांगत होते, "वाढ माय, भावाले अजून वाढ." मला त्या म्हाताऱ्याच्या हातातलं ताट ओढून घ्यावंसं वाटत होतं.

मी बाबांना मोरीपाशी गाठलं. "सारा जन्म लपवलं ना तुम्ही? मग आजच काऊन खरं बोलले?"

"ते बाहेरच्यायपासून लपवलं होतं, बेटा," बाबा म्हणाले, आणि हात धूत राहिले. धुऊन झाले तरी धूतच राहिले. मला इतका संताप आला की मी भांडी आपटत घासली. तो संताप अजून पुरता गेलेला नाही.

पाहुण्यांची मोटारसायकल वळणाआड गेली. काकू कुंपणाशी टपून उभ्याच होत्या. "जमलं का गं?"

आम्ही कुणी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, "नाई काकू. भाऊ निघाला तो माहा."

काकू तिच्याकडे बघतच राहिल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना पुढचा प्रश्न सुचला नाही.