मायामालवगौळातला वरचा सा

गळ्याची गाठ काढून चार महिने झाले होते आणि वरचा सा अजून फाटत होता. बालाघाटच्या आमच्या भजनी मंडळात वीस वर्षं मीच पुढे बसून गायले. आता आरतीलाही नुसते ओठ हलवत होते. डॉक्टर म्हणाले होते, आवाज हळूहळू येईल. किती येईल ते बोलले नाहीत, आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

खाणीच्या रस्त्याला अम्मा राहायच्या. मँगनीजच्या खाणीतल्या नोकरीसाठी त्यांचे यजमान तेलुगू मुलखातून आले आणि इथलेच झाले. गळा मोकळा व्हावा म्हणून अम्मांनी मला त्यांच्याकडच्या कर्नाटक संगीताचे पहिले पाठ सुरू करून दिले. त्यांच्या संगीतात बहात्तर मूळ मेळ, बाकीचे राग त्यांची लेकरं. नवशिक्याला आधी देतात तो मायामालवगौळ. सूर आपल्या भैरवाचेच. मला वाटलं, हा तर माझ्या डाव्या हातचा मळ.

तिथेच गाडी अडली. मांडीवर हाताने ताल द्यायचा, मात्रेला एक सूर. पुढच्या फेरीत मात्रेला दोन. गळा दुप्पट पळाला तरी हात जागचा हलता कामा नये. मी पडले भजनातली. आमच्याकडे गजर चढला की टाळ्याही चढतात. अम्मा रोज थांबवायच्या, "हाथ नहीं बेटा, सिर्फ गला." मी रोज म्हणायचे, भजनाची सवय आहे.

घरी रियाझाला बसले की आमचे हे दारातून म्हणायचे, "बढिया होऊन राह्यलं तुहं." ते रोजचं बढिया मला खरं वाटायचं नाही.

एका संध्याकाळी अम्मांनी माझं मनगटच धरलं आणि स्वतः ताल द्यायला लागल्या, अगदी संथ. तेव्हा माझं मला कळलं. संथ फेरीतही नी आला की माझा हात उडी मारायचा. भजनाचं निमित्त होतं; मला तो वरचा सा ऐकूच यायला नको होता, म्हणून घाईत उरकत होते. वर जाताना एकदा आणि उतरताना एकदा, असा तो लागोपाठ दोनदा येतो. अम्मांनी मनगट सोडलं नाही. पहिला फाटला, दुसऱ्याला नुसती हवा आली. मग खाली सापर्यंत उतरले.

हे मला न्यायला येऊन ओट्यावर बसले होते. स्कूटरवर मी विचारलं, "कसं झालं जी?"

"फाटला," हे म्हणाले. "रोजच फाटते. तुह्या तोंडाकडे पाहून सांगवत नव्हतं मले."

"येईल का परत?"

त्यांनी स्कूटर कडेला घेतली. "मले नाही मालूम. मले बी भेव लागते."

ते ऐकलं आणि मी भर रस्त्यात रडले. खरं सांगते, चार महिन्यांत इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.