गोल दाराशेजारची भिंत

ती भिंत मी घालायला सांगितली होती. हे आजवर बायकोलाही बोललो नाही.

सौदीतल्या हुफूफ शहरात एका बागेत चिनी पद्धतीचा कोपरा बांधायचा होता. मी साइट इंजिनीअर. तळ्यावर वळणावळणाचा पूल, पुलाच्या टोकाला भिंतीत गोल दार, आणि दाराच्या अलीकडे डाव्या हाताला एक अरुंद वाट. गवंडी रत्नागिरीकडचा, वयाने माझ्याहून मोठा. पूल बघून म्हणाला, "काय ओ साहेब, ह्या चिन्यांना सरळ चालता येत नाय?"

"प्रत्येक वळणावर थांबून बघायचं असतं, भाऊ."

"पुढचे थांबले, तर मागच्यांनी काय करायचं?"

मी हसलो. खरं तर उत्तर नकाशातच होतं. ज्याचं बघून झालं त्याने दारात न खोळंबता त्या बाजूच्या वाटेने निघावं, म्हणून ती ठेवलेली. मला ते कळलंच नाही. इथली कुटुंबं सतरंजी आणि कहव्याची किटली घेऊन बसतात, बायकांना आडोसा लागतो. वाट बंद केली तर छान कोनाडा होईल, एवढंच डोक्यात. बदललेला नकाशा मंजूर करून घ्यायचा कंटाळा केला. तोंडीच म्हटलं, "बंद करा, भाऊ. यल्ला, लागा कामाला."

ईदच्या संध्याकाळी जो तो गोल दारात फोटोला उभा. मागे पुलावर माणसं, बाबागाड्या. पुढे सरकता येईना, मागे फिरता येईना. कठडा गुडघ्याएवढा. एक म्हातारी तळ्यात पडली. पाणी कमरेएवढंही नव्हतं, पण खालच्या दगडावर तिचं खुब्याचं हाड मोडलं.

चौकशीत विचारलं, नकाशात नसलेली भिंत कोणी घातली? गवंड्याने माझ्याकडे बघितलं. "साहेब, तुम्हीच बोललात ना?"

मी म्हटलं, "मला आठवत नाही." तेही हिंदीत, सगळ्यांना कळावं म्हणून.

त्याचं इथलं काम खलास. विमानतळावर सोडायला मीच गेलो. गाडीत म्हणाला, "तुमची पोरं शाळेत हत इथे. माझा काय, जायचाच होता कधीतरी." शिवी घातली असती तर बरं झालं असतं.

भिंत पाडली, तीही माझ्याच देखरेखीखाली. आता गर्दी तुंबत नाही. वरच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली, आणि मी थोपटून घेतली.

चौकशीच्या कागदात दोष अजून त्याच्याच नावावर आहे. तिथे माझं नाव लिहून द्यायचं, आणि तो कागद घेऊन त्याच्या दारात उभं राहायचं, एवढं मी त्याचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.